उरलेल्यांनी रोज किती तास?

सोलापूर,
ता. ५ डिसेंबर १९२६

तीर्थस्वरूप विरुपाक्षमामांना दुधनीस हेमावतीचा वाकून नमस्कार.

मामा, तुम्ही रागावणार हे धरूनच लिहायला बसलेय. सहामाहीत मराठीत पहिली आले, भूगोलात दुसरी आले आणि गणितात नापास झाले. बाई म्हणाल्या, बाकीची गणितं तुझी बरी आहेत, पण मजूर, मजुरी, दिवस आणि तास असं काही आलं की तू हमखास आपटतेस. आणि एप्रिलातल्या सातवीच्या फायनलला नेमकी तीच गणितं जास्त असतात.

अप्पांचं म्हणणं तुम्हाला ठाऊक आहे. परीक्षेला एकदाच बसायचं. पास झाले तर स्कॉलरशिपवर पुण्याला जाऊन मास्तरीण व्हायचं. नापास झाले तर अव्वाबरोबर गिरणीत सुताच्या कांड्या भरायच्या. कांडी खात्यातल्या बायकांवर देखरेख करणाऱ्या नायकिणीने माझ्यासाठी जागासुद्धा धरून ठेवली आहे. मला भरतीचं बोलावणं आत्ताच आलंय, परीक्षेचं मागाहून येणार, असा प्रकार आहे.

मला गणित येत नाही असं नाही हो मामा. पुस्तकात म्हणतात, मजूर वाढले की दिवस कमी होतात. आमच्या चाळीत मजूर वाढले की पगार कमी होतात. आता परवाचंच बघा. आठ गडी रोज सहा तास काम करून दहा दिवसांत विहीर खणतात, तर बारा गड्यांना रोज आठ तास काम करून किती दिवस लागतील? मी वीस लिहिलं. सगळ्या वर्गाने हसून घेतलं.

तुम्ही एवढी वर्षं मुलं फायनलला बसवता. मला दर आठवड्याला एक गणित पाठवाल का? अव्वा तुम्हाला नमस्कार सांगते आणि म्हणते, हुरडा झाला की अण्णाने बहिणीकडे येऊन जावं.

तुमची
हेमा

*

दुधनी,
ता. ९ डिसेंबर १९२६

चि. हेमास आशीर्वाद, आणि आशीर्वादाच्या मागोमाग एक धपाटा.

माणसं वाढवलीस, तास वाढवलेस आणि विहिरीला दिवस दुप्पट? ते गडी विहीर खणत होते की बुजवत होते? अगं, माझ्या वर्गातला मल्लिकार्जुन, ज्याला दुकानात बसून शेंगा खाण्यापलीकडे काही ठाऊक नाही, तोसुद्धा वीस म्हणणार नाही. उत्तर पाच. पाटीवर लिहून घे.

आता रडू नकोस. तुझं दुखणं मला कळलं. तू गणित वाचताना गिरणी बघतेस. बघ, खुशाल बघ, पण एका वेळी एकच गोष्ट बघ. बाकी सगळं जागच्या जागी आहे असं समज, आणि एकच विचार: हे वाढलं, तर ते वाढेल की घटेल? गडी वाढले, दिवस घटले. झालं, त्याला बाजूला ठेव. मग तासांना हात घाल. दोन नवे बैल एकदम औताला लावू नयेत, तसंच हे आहे.

दर आठवड्याला कार्ड टाकीन. कार्ड लहान आणि माझं अक्षर मोठं, म्हणून त्यावर आशीर्वाद, क्षेमकुशल वगैरे काही मिळणार नाही. नुसतं गणित येईल. तू त्याच आठवड्यात उत्तर धाडायचंस. चुकलीस तर पुढच्या कार्डावर शिवी येईल, आणि कार्ड उघडं असतं, पोस्टमन वाचतो, हे ध्यानात ठेव.

पुस्तकातले ते कंटाळवाणे 'क्ष मजूर' मी पाठवणार नाही. तुझ्या अप्पांसारखे मागावरचे साचेवाले पाठवीन, बाजारातले हमाल पाठवीन. ओळखीची माणसं असली की तुला सोपं जाईल.

तुझा मामा
विरुपाक्ष

*

सोलापूर,
ता. २० जानेवारी १९२७

तीर्थस्वरूप मामांना नमस्कार.

हमालांचं उत्तर साडेसात दिवस. बरोबर ना? बरोबरच आहे, मी उलटं करूनही पाहिलं. लागोपाठ पाचवं बरोबर! आता शिवी लिहायला तुम्हाला जागाच राहिली नाही, तेव्हा कार्डावर चार ओळी कौतुकाच्या लिहायला हरकत नसावी.

तुमची कार्डं आता माझ्या एकटीची राहिलेली नाहीत बरं का. मी शाळेत असते तेव्हा पोस्टमन येतो. शेजारच्या मायाक्का कार्ड घेतात आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून ते वाचून आणतात. मी घरी येते तोवर सगळ्या चाळीला ठाऊक असतं की दुधनीत किती हमालांनी किती पोती उचलली. मायाक्कांचा नवरा ज्ञानबा, अप्पांच्या शेजारचे साचे चालवतो, तो तर मला विचारत होता, "तुज्या मामाची पोती कितीशी हायत गं? लई मोटी अडत दिसती की!" मी हो म्हणून टाकलं. तुमचा मान वाढला तर माझं काय जातंय?

 मी गणित सोडवत बसले की अव्वा भाकऱ्या थापताना माझ्याकडे बघत राहते. ती आता दिवसाला दहा तास उभी असते आणि घरी आली की माझा अभ्यास मोडू नये म्हणून पाय चेपून घेत नाही, मागं रोज चेपून घ्यायची.

तुमची
हेमा

*

[पोस्टकार्ड]

दुधनी, २ फेब्रुवारी १९२७

गिरणीत २४ साचेवाले रोज १० तास काम करून १५ दिवसांत माल पुरा करतात. पैकी ८ जणांस कमी केले. माल तेवढाच हवा, मुदत तीच. तरी उरलेल्यांनी रोज किती तास काम करावे? ताबडतोब कळवावे.

विरुपाक्ष

*

सोलापूर,
ता. ४ फेब्रुवारी १९२७

मामा,

नमस्कार राहू दे. तुम्ही काय करून ठेवलंत, आणि मी काय करून ठेवलं!

कार्ड नेहमीसारखं मायाक्कांनी घेतलं. दुकानदाराने वाचलं, "गिरणीत आठ जणांस कमी केले." आजवर पोती होती, विहिरी होत्या, त्यांचं कुणाला काही वाटलं नाही. या वेळी साचेवाले होते. शेवटी "ताबडतोब कळवावे". मायाक्कांनी पदर खोचला आणि तडक चाळीत आल्या. मास्तराला दुधनीत कुठून तरी आतली बातमी लागली, आणि मेहुण्याला सावध करायला त्याने कार्ड टाकलं, असा त्यांचा समज झाला.

मी शाळेतून आले तर दारात गर्दी. ज्ञानबाने कार्ड माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "बग, ह्येचा अर्थ काय हुतो?" मला काय कल्पना! तुमच्या पाच गणितांची सवय झालेली, मी उभ्या उभ्या सोडवलं. माणसं घटली, तास वाढले. मी मोठ्याने म्हटलं, "पंधरा तास."

"पंधरा तास!" ज्ञानबा ओरडला आणि माझ्या हातातलं कार्ड घेऊन निघाला. पुढचं मी सांगायला तोंड उघडलं तेव्हा तिथं कुणीच उरलं नव्हतं.

सकाळी भोंगा झाला तरी साचेखात्यातली माणसं फाटकाबाहेर उभी. आठ जण कोण कोण, ते सांगा, आणि पंधरा तास आम्ही उभं राहणार नाही! मॅनेजरसाहेबाला काही कळेना. तासभर साचे बंद. शेवटी ज्ञानबाने खिशातून कार्ड काढून दाखवलं, आणि अप्पांना हापिसात बोलावलं.

अप्पांना दोन दिवसांच्या मजुरीचा दंड झाला. फाटकाबाहेर आल्यावर साचेखात्याच्या मुकादमाने, जॉबरने, त्यांना गाठलं. म्हणाला, पोरीला सोमवारपासून कांडी खात्यात लाव आणि ही कार्डं बंद कर, दंड माफ करून आणतो. नाहीतर तुझ्यावर माझा डोळा राहील. अप्पांनी सोमवारपर्यंत मुदत मागितली आहे.

घरी येऊन ते जेवले आणि झोपले. मला एक शब्द बोलले नाहीत. रागावले असते, मारलं असतं, तरी मला बरं वाटलं असतं. ज्ञानबा तोंड लपवून हिंडतोय. मामा, सोमवारी मला जावं लागेल असं वाटतंय. कार्ड पाठवू नका.

हेमा

*

दुधनी,
ता. ६ फेब्रुवारी १९२७

दाजी गुरुसिद्धप्पा यांस विरुपाक्षचा नमस्कार.

हेमाचं पत्र पोचलं. चूक माझी आहे, पोरीची नाही, आणि त्या चुकीची शिक्षा तुम्ही पोरीला देऊ नये एवढं सांगण्यासाठी हे लिहितो आहे. बऱ्या शब्दांत लिहायचं ठरवलं होतं, पण मला ते जमत नाही.

दाजी, मी तुम्हाला ओळखून आहे. तुम्ही सज्जन आहात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. माझ्या बहिणीच्या आणि तुमच्या लग्नात वाजंत्रीवाल्याने जास्त पैसे मागितले तेव्हाही तुम्ही मान खाली घालून देऊन मोकळे झालात. तशीच मान तुम्ही या जॉबरपुढे घालाल. सोमवारी पोरीला हाताला धरून खात्यात नेऊन सोडाल आणि म्हणाल, नशिबात होतं. नशिबात नव्हतं! लागोपाठ पाच गणितं तिने बरोबर सोडवली, आणि सहावंही बरोबर सोडवलं, तेही दारात उभ्या उभ्या, भोवती एवढा गलका असताना. असं माझ्या वर्गात एकालाही जमत नाही.

तुम्हाला भीती वाटत असेल तर मी येतो, साहेबाला भेटतो, हवं तर त्याच्या पाया पडतो. पण पोरीला नेऊ नका.

विरुपाक्ष

*

सोलापुर
ता. १५ फेबरवारी १९२७

मास्तर यांस गुरुसिद्धप्पाचा रामराम.

मी सोता लिवतोय. हेमीला दाखीवलं न्हाय, तवा चुका काडू नका.

तुमचं पत्र सोमवार झाल्यावर आलं. तुमी लिवलं तसं मी काय केलं न्हाय. जॉबरला सांगितलं, दंड कापून घे, पोरगी येत न्हाय. तो म्हनला, मंग बग. मी म्हनलं, बगतो.

तुमाला वाटंल एवडं बळ ह्याच्यात कुटनं आलं. ऐका. त्या दिशी हापिसात सायबानं कार्ड टेबलावर आपटलं. मी म्हनलं, सायेब, ही बातमी न्हाय, माज्या पोरीचं गनित हाय. सायबाला पटंना. मंग हेडकिलार्कानं कार्ड घेतलं, पेन्शिल काडली, कागदावर आकडं मांडलं. मांडून झाल्यावर मला इचारलं, पोरीनं उत्तर काय काडलं? मी म्हनलं, पंधरा. ते म्हनलं, बरोबर हाय.

मास्तर, अकरा वरसं मी साचे चालवतोय. त्या हापिसात मला दंड सांगाया नायतर सूत खराब गेलं म्हनून बोलीवत्यात. तितं उभं ऱ्हाऊन 'बरोबर हाय' हे मी त्या दिशी पयल्यांदा आयकलं. बरोबर पोरीचं हुतं, पर उभा मी हुतो. दंड झाला त्येचं मला काय बी वाटलं न्हाय. घरी मी बोललो न्हाय, कारन काय बोलावं तेच सुदरंना. पोरीला वाटलं, अप्पा रागावला.

आता ती मुदलात घाबरलीय, गनिताला हात लावत न्हाय. तवा तुमी परत सुरू करा. फकस्त कार्ड नको. पाकीट धाडा, आना लागंल तर लागू दे. आन साचेवाले नको. हमालच बरे.

वाजंत्रीवाल्याचं तुमी अजून धरून बसलाय हे मला ठावं नव्हतं. तो माजा मावसभाव हुता.

गुरुसिद्धप्पा

*

सोलापूर,
ता. १८ एप्रिल १९२७

तीर्थस्वरूप मामांना नमस्कार.

परवा गणिताचा पेपर झाला आणि तेव्हापासून माझं अन्नावर लक्ष नाही.

सहावा प्रश्न ऐका. "बारा विणकर रोज नऊ तास काम करून पंधरा दिवसांत १०८ रुपये मिळवितात, तर दहा विणकर रोज आठ तास काम करून अठरा दिवसांत किती रुपये मिळवितील?" विणकर! मामा, मी तो शब्द वाचला आणि मला फाटक दिसलं, ज्ञानबा दिसला, अप्पा हापिसाच्या दारात टोपी काढून उभे दिसले.  बाई फिरत फिरत जवळ आल्या तेव्हा माझा कागद कोरा होता.

मग मी तुमचं ऐकलं. एका वेळी एक. विणकर कमी झाले, तर एकूण मजुरी वाढेल की घटेल? इथं मला तुमच्या पुस्तकाची गरज पडली नाही. ज्यांना कमी केलं त्यांची मजुरी मालक उरलेल्यांना वाटून देतो, असं आमच्या चाळीत कुणी पाहिलेलं नाही. घटेल. तास कमी झाले, घटेल. दिवस वाढले, वाढेल. उत्तर आलं शहाण्णव रुपये.

मी पुन्हा केलं, पुन्हा शहाण्णव. मग मी टाक खाली ठेवला. मला फार म्हणजे फार छान वाटलं मामा, हे तुम्हालाच सांगते.

पण बाहेर आल्यावर माझ्या पुढच्या बाकावरची दाक्षायणी म्हणाली, एकशे अडतीस आणि वर अपूर्णांक. ती धान्याच्या व्यापाऱ्याची मुलगी, वर्गात गणितात कायम पहिली. म्हणाली, माणसं कमी झाली की वाटेकरी कमी, म्हणून मजुरी जास्त. चौघीजणींनी माना डोलावल्या. आता माझी खात्री डळमळली आहे. हा एक प्रश्न गेला तर मी पास होईन की नाही सांगता येत नाही. तुम्ही सोडवून कळवा.

नायकिणीने माझी जागा अजून धरून ठेवली आहे. जॉबर एवढा बिघडला असताना ती का थांबली आहे, कळत नाही. अप्पा रोज विचारतात, मास्तरचं पत्र आलं का?

तुमची
हेमा

*

[पोस्टकार्ड]

दुधनी, २० एप्रिल १९२७

शहाण्णव. शहाण्णव. शहाण्णव.

चाळीत वाचून दाखवायला हरकत नाही.

विरुपाक्ष

*

सोलापूर,
ता. १२ जून १९२७

अण्णास चंद्रव्वाचा नमस्कार. मी सांगतीया आन हेमी लिवतीया. मी बोलंन तसंच लिवायचं, असं तिला बजावलंय.

हेमी पास झाली. तिच्या बाईंनी माणूस धाडून कळीवलं. सोलापुरातल्या पोरींत दुसरी आली. मी म्हनलं, पयली का न्हाय? तर मला म्हनती, अव्वा, गप बस की. पुण्याची स्कॉलरशिप बी मिळाली. पुढल्या आठवड्यात जायाचं.

हिच्या अप्पाचं काय सांगू? साखर आनली. चाळीत सगळ्या दारांत सोता फिरून वाटली. ज्ञानबाच्या दारात गेलं, तवा ज्ञानबा म्हनला, "दादा, माज्यापायी तुमचा दंड झाला." तर ह्ये म्हनलं, "आरं, तुज्यापायीच हापिसात माज्या पोरीचं नाव पोचलं, घे, मूठभर घे." अण्णा, लग्नापास्नं ह्या माणसाचा आवाज माझ्या कानावर एवढा आला न्हवता. दंडाची गोष्ट आता त्ये दर माणसाला सांगत्यात. आधी दोन दिसांचा हुता, आता चार दिसांचा झालाय.

आता माझं ऐक. हे हेमीला बी ठावं न्हाय, लिवता लिवता ऐकंल.

नायकिणीकडची जागा तिनं आपनहून धरली न्हवती. मीच धरायला लावली. पोरगी सातवीत गेली तवापास्नं मी तिच्या मागं लागले हुते. जॉबर बिघडला तवा परत गेले, निकाल लागंपातूर थांब म्हनून तिचं पाय धरलं. पगारासाटी न्हाय. खात्यात आमी बायका दहा तास उभ्या असतो, यंत्राच्या आवाजात एकमेकीला एक शब्द ऐकू येत न्हाय. मला वाटायचं, हेमी शेजारी उभी असली तर ऐकू न आलं तरी चालंल, दिसंल तरी. पोरगी पास व्हावी असं बी मनात हुतं, आन नापास व्हावी असं बी. दोन्ही खरं हाय. लिव गं, थांबू नको.

(मामा, अव्वा थांबू नको म्हणतेय, पण मला थोडा वेळ लागला. हेमा.)

काल सुट्टीच्या भोंग्याला मी तिला फाटकावर बोलीवलं. नवं लुगडं नेसून ये म्हनलं. बायका बाहेर पडल्या तवा मी तिचा हात धरला आन मधोमध उभी केली. नायकीण मागनं आली. म्हनली, "आलीस व्हय गं? कवापास्नं येतीस कामावर?"

मी म्हनलं, "नायकीणबाई, माझ्या लेकीची जागा दुसऱ्या कुनाला बी द्या. ती येनार न्हाय. ती मास्तरीण हुनार हाय."

अण्णा, यंत्राच्या आवाजात बोलून बोलून आमचा गळा मोटा झालेला असतो. सगळ्या बायकांनी ऐकलं.  मग त्यातली एक म्हातारी पुढं आली, हेमीच्या तोंडावरनं हात फिरवला आन म्हनली, "पोरी, आमच्यातली कुनी कवा इथनं दुसरीकडं गेली न्हवती." मग सगळ्याच आल्या. हात फिरवून फिरवून तिच्या लुगड्याला कापसाचा कोंडा लागला.

घरी आल्यावर हेमी लुगडं झटकाया लागली. मी म्हनलं, राहू दे आजच्या दिस. उद्यापास्नं माझ्या शेजारी दुसरी पोर उभी ऱ्हाईल, आन मी तिला सांगीन की ही जागा माझ्या लेकीची हुती.

चंद्रव्वा